चिंच आणि गिट्टी

दादा आयुष्यभर झाडांना नावे ठेवीत आला. तो भूशास्त्रज्ञ. कोळशाच्या शोधात त्याने निम्मा विदर्भ पायांखाली घातला, आणि त्या सगळ्या पायपिटीत त्याला झाडांची अडचणच झाली. वर खडक उघडा असेल या आशेने उन्हातान्हात टेकडी चढून जावे, आणि पाहावे तो बांबूचे बेट! "तुझी झाडं म्हणजे खडकाला आलेला बुरा आहे, बेबी," असे तो मला म्हणे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. मी म्हणे, "आणि तुझा खडक म्हणजे कुंडी. कुंडीकडे कोण बघतं?" हे भांडण लहानपणापासूनचे. दोघांनीही ते जपून ठेवले होते. (बेबी हे नाव पंचाहत्तरीच्या बाईला शोभत नाही हे मला कळते, पण ज्यांनी ते ठेवले ते गेले, आणि जो ते वापरतो त्याला आता दुसरे सुचायचे नाही.)

दुसरे भांडण मात्र तसे नव्हते. आई गेल्यावर, २०१३ साली, आमचे नागपूरचे घर विकले. आवराआवर दादाने केली. माळ्यावर बाबांची एक पत्र्याची पेटी होती. बाबा रस्त्यावरचे ओव्हरसियर. पेटीत त्यांच्या वह्या होत्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या. कोणत्या मैलात किती खडी पडली, किती मजूर लागले, कुठे कोणते झाड लावले, हे सगळे ते त्यांत लिहीत. मी मागायला गेले तेव्हा पेटी होती, वह्या नव्हत्या. दादाने त्या रद्दीत घातल्या होत्या. "काय होतं त्यांत? खडीचे हिशेब आणि कुलींची हजेरी," तो म्हणाला. मी त्या दिवशी काही बोलले नाही, आणि पुढे अकरा वर्षे फारशी बोललेच नाही. तो लक्ष्मीनगरात, मी धरमपेठेत. लग्नाकार्यात भेट होई. एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करावी, आणि वेगवेगळ्या पंगतीला बसावे.

मागच्या फाल्गुनात त्याचा फोन आला.

"सिरोंच्याला येतेस?"

"काय आहे तिथं?"

"रस्ता रुंद करताहेत. कडेचे उंचवटे नव्यानं कापलेत. ताजा खडक उघडा पडलाय. दोन पावसाळे गेले की तुझं गवत येऊन बसेल त्यावर."

"मग जाऊन ये की."

"मला दिसत नाही, बेबी," दादा म्हणाला.

त्याच्या डोळ्यांचे मला कोणी सांगितले नव्हते. दृष्टीच्या मधोमध डाग पडला होता. मधले जाते आणि कडा राहतात, असा तो आजार. समोरच्या माणसाचे नाक-डोळे दिसत नाहीत, कान दिसतात. तीन वर्षे तो वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचून घेत होता. मी 'येते' म्हटले. का म्हटले ते त्या वेळी मलाही सांगता आले नसते.

नागपूरहून सिरोंचा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत तीर्थ नाही, थंड हवेचे ठिकाण नाही. ज्यांची बदली झाली किंवा ज्यांचे घरच तिकडे, तेच त्या वाटेने जातात. आमचा ड्रायव्हर चांद्याकडचा एक तरुण मुलगा होता. पहिल्यांदा आम्ही गाडी थांबवायला सांगितली तेव्हा त्याने खिडकीतून डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि म्हणाला, "इथं काहून उतरता आजी? इथं तर काहीच नाही."

तिथे काहीच नव्हते हे खरेच होते. काळी जमीन, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, बांधावर एक हिवर आणि दोन बाभळी, आणि पुढे पानांवाचून पेटलेला पळस. दादाने मात्र हिवर म्हणताच मान हलवली. दोघांत एक खेळ ठरला होता. त्याने पुढे डोळे मिटून बसायचे, मी मागून झाडे सांगायची, आणि त्याने खाली कोणता दगड आहे ते सांगायचे.

"बाभूळ, बोर, हिवर, पळस. ओढ्याकाठी करंज."

"काळा दगड," तो म्हणाला. "अजून जांबही आलं नसेल."

काळा दगड म्हणजे आपला नेहमीचा बेसाल्ट, साऱ्या दख्खनचा. सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी, आणि नागपूरची सीताबर्डीची टेकडी, सगळे एकाच लाव्ह्याचे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून तो थरावर थर वाहिला, आणि पूर्वेकडे येता येता नागपुरापाशी त्याचा जोर सरला. पश्चिम नागपूर त्या लाव्ह्यावर बसले आहे. पूर्वेकडच्या पेठांखाली त्याहून कितीतरी जुना दगड आहे. दादा लहानपणी मला सांगे की लाव्ह्याची गाडी इतवारीला जायला निघाली आणि सीताबर्डीलाच बंद पडली. कितीतरी वर्षे मला तेच खरे वाटत होते.

या दगडाची काळी माती ओल धरते, फुगते, आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून झाडांची मुळे तोडते. साध्या झाडाला ती सोसत नाही. पळसाला सोसते, बाभळीला सोसते. म्हणून दूरवर नुसता पळस दिसला, तर खाली चिकण काळी माती असावी असे निम्म्या खात्रीने म्हणता येते. उरलेली निम्मी खात्री खाली उतरूनच करावी लागते.

बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट आहे. तिथे लोहयुगातल्या लोकांनी मेलेल्या माणसांभोवती दगड मांडून ठेवलेली वर्तुळे आहेत. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८६३ साली ती पाहून परतत होता. वाटेत पूर आलेला नाला ओलांडताना तो बुडाला. नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. धर्मप्रसारासाठी तो आला, आणि दगडांच्या नादी लागला. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात त्याने आणि त्याच्या सोबत्याने, हंटरने, बिया, फळे, गोगलगाई गोळा केल्या. एक थर वाहून गेल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला होता की त्यावर तळी साचली, काठाला ताडवर्गातली झाडे वाढली, आणि फळून गेली. मग पुन्हा लाव्हा आला. मी हे एम.एस्सी.ला पाठ केले होते. पण "मधल्या काळात झाडं फळून गेली" असे दादा म्हणाला, तेव्हा प्रथमच मला त्याचे वाईट वाटले.

जांबला हैदराबादचा रस्ता सोडून आम्ही वरोऱ्याकडे वळलो. वरोऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, पिसदुरा नावाचे गाव आहे. गाव म्हणजे घरे, मारुती आणि शेते. या शेतांतून नांगराला डायनोसॉरची हाडे लागतात. हाडांपेक्षाही नवलाची गोष्ट म्हणजे त्यांचे शेण. अर्थात दगड झालेले. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी या शेणात गवताच्या खुणा दाखवल्या. गवत आपल्या पेशींत गारेचे सूक्ष्म कण साठवते. धानाच्या पात्याने बोट कापते ते त्यामुळेच. पाते कुजले तरी कण राहतात, आणि कोणत्या गवताचे ते त्यांच्या आकारावरून ओळखता येते. तोपर्यंत आम्ही मुलांना शिकवीत होतो की गवत हे डायनोसॉर गेल्यावरचे. मी स्वतः तसे फळ्यावर लिहिले आहे. २०११ साली त्याच गावच्या शेणात धानाच्या कुळातले गवत असल्याचाही निर्वाळा मिळाला. पिसदुऱ्याच्या शेणाने माझी कितीएक वर्षांची व्याख्याने खोटी पाडली, आणि मला त्याचा आनंदच झाला.

"इथं तू खडक बघायचा की मी गवत?" मी विचारले.

"इथं शेण बघायचं," दादा म्हणाला. अकरा वर्षांत आम्ही दोघे प्रथमच एका वेळी हसलो.

वरोऱ्यापासून भद्रावतीपर्यंतचा रस्ता कोळशाचा. खाणी, ट्रक आणि धूळ. झाडांच्या पानांवर इतकी काजळी, की कडूनिंब कोणता आणि करंज कोणता हे चांगले जवळ जाऊन पाहावे लागते. याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते दादाने लिहावे; तो त्या धुळीतच वाढला. एवढेच सांगते की हा कोळसाही झाडेच आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची, जिभेसारख्या पानांची झाडे, जी आज कुठेच नाहीत. त्याच जिभेची पाने आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, पार दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखालच्या दगडातही सापडली, आणि हे सगळे भूखंड कधी एक होते याचा तो मोठा पुरावा ठरला. त्या खडकांना १८७२ साली मेडलिकॉटने नाव दिले ते गोंडवन. पुढे स्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने तेच त्या हरवलेल्या भूखंडाला लावले. चांद्याच्या बाजारात डोक्यावर मोहाची टोपली घेऊन बसणाऱ्या गोंड बाईला कोणी सांगितलेले नसते की दक्षिण ध्रुवाला तिचे नाव आहे.

चंद्रपुरास मुक्काम केला. संध्याकाळी दादाने गोंड राजांच्या परकोटाला हात लावून पाहिला. बोटे फिरवीत तो म्हणाला, "वाळूचा दगड. नदीनं आणलेली वाळू. पाणी या बाजूनं त्या बाजूला जात होतं." पाण्याची दिशा त्याला बोटांनी कशी कळली ते त्याने मला दाखवले, तिरप्या रेघा असतात, हाताला लागतात. मला लागल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीचा रस्ता. इथे मी गप्प झाले. १९५६ ते १९६१ बाबा गोंडपिपरीला होते, आणि तिथून वैनगंगेच्या आष्टीपर्यंतचा रस्ता त्यांच्याकडे होता. कपाशी संपून धान सुरू होते ते या मुलखात. बांध्या, तळी, शिंदीची झाडे. दगडही बदलतो. पट्ट्यापट्ट्यांचा, करडा-गुलाबी, अभ्रकाने चमचमणारा. अडीचशे कोटी वर्षांहून जुना. शास्त्रात त्याला पट्टिताश्म म्हणतात. बाबा त्याला शिव्या देत. अभ्रकाची खडी रोलरखाली भरडते. वर्षभरात रस्त्याचे पीठ होते. "या दगडात साखर आहे," ते वैतागून म्हणत. दादाने ते ऐकले, आणि सहा-सात वर्षे सगळी गिट्टी चाटून पाहिली. त्याचे भूशास्त्र तिथे सुरू झाले. अजूनही तो खडक चाटतो. त्याच्या धंद्यात ते वेडेपणाचे समजत नाहीत. चिकणमातीचा दगड जिभेला चिकटतो, आणि त्यात बारीक रेती असेल तर दाताखाली कुरकुरते.

माझे शास्त्रही तिथलेच. बाबांनी त्या रस्त्याला दुतर्फा चिंचा लावल्या. वनमहोत्सव नुकता सुरू झालेला. झाडे लावायचा हुकूम वरून येई. रोपाभोवती बाभळीच्या काट्या, आणि उन्हाळ्यात बैलगाडीवर डांबराची रिकामी पिपे चढवून नाल्याचे पाणी. त्या गाडीत मी बसत असे. पाण्याला डांबराचा वास येई. मी झाडे मोजी, आणि बाबा वहीत लिहीत. एका मैलात चाळीस.

"किती?" दादाने विचारले.

मी मोजीत होते हे त्याला न पाहताही कळले होते. एका बाजूची सगळी गेली होती. दुसऱ्या बाजूला सतरा उभी होती. आता दोघांच्या कवेत न मावणारी. बुंध्यांची साल तासून त्यावर आकडे घातले होते. आकडे कशासाठी ते ड्रायव्हरने सांगितले, आम्ही विचारले नव्हते तरी.

इथे आमचा खेळही फसला. थोडे पुढे गेल्यावर मी सांगितले, "निलगिरी. पुन्हा निलगिरी. सुबाभूळ." दादा पुष्कळ वेळ बसून राहिला. "नाही सांगता येत," तो म्हणाला. "माणसानं लावलेलं झाड खोटी साक्ष देतं."

वैनगंगा ओलांडली. खालच्या अंगाला, चपराळ्यापाशी, तिला वर्धा मिळते आणि पुढे त्या दोघींची प्राणहिता होते. आलापल्लीचा साग आता पुस्तकांतून प्रसिद्ध आहे. तिथला सहा हेक्टरांचा एक तुकडा कुऱ्हाड न लावता राखला आहे; २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. फाल्गुनात सागाचे रान पाहू नये, असे लोक म्हणतात. पाने गळालेली, नुसते खांब, खाली चुरचुरणारा पाला. पण वनस्पतिशास्त्राच्या माणसाने नेमके तेव्हाच पाहावे, कारण तेव्हा खोडे दिसतात. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, धावड्याची गुळगुळीत करडी, तेंदूची कोळशासारखी चौकोनी चिरलेली. आणि जिथे माती अशी नाहीच, नुसता खडक, तिथे सालई आणि कुलू. कुलूचे पांढरे खोड निष्पर्ण रानात हाडासारखे उभे राहते. रात्री गाडीच्या दिव्यात पहिल्यांदा दिसले तर माणूस रामनाम घेतो. मोहाखाली बायांनी पाला जाळून जमीन साफ केली होती, म्हणजे गळलेली फुले वेचायला सोपे. सगळ्या रानात तो गोड, आंबूस, किंचित उंदरासारखा वास.

मी हे बोलत होते, आणि मध्येच माझ्या ध्यानात आले की दादा ऐकतो आहे. पूर्वी तो असे ऐकत नसे.

आलापल्लीच्या पुढे रस्त्याचे काम सुरू होते. एका ठिकाणी उंचवटा नव्याने कापला होता, दोन पुरुष उंच. दादाला हात धरून नेले. "सांग," तो म्हणाला.

"खाली गुलाबी-करडा, पट्ट्यांचा. आपला साखरेचा. वर पिवळा. थराथरांचा. मधे एक रेघ आहे, सरळ नाही, वरखाली जाते. रेघेवर गोटे आहेत, गोल."

त्याने त्या रेघेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. खालचा दगड अडीचशे कोटी वर्षांपलीकडचा. वरचा पंचवीस-तीस कोटींच्या आसपासचा. मधल्या दोनशे कोटींहून अधिक वर्षांचे तिथे काही नाही. काही घडले नाही असे नव्हे. घडले ते झिजून गेले, वाहून गेले. याला त्यांच्या शास्त्रात विसंगती म्हणतात.

"वहीची बहुतेक पानं अशीच गेलेली असतात, बेबी," तो म्हणाला. "उरतात त्यांवरच भागवायचं."

मला राग आला. इतक्या वर्षांचा साठलेला, नीट वाळलेला राग. "ती पानं नदीनं नेली," मी म्हटले. "तू विकलीस. किलोनं." आणि त्याला तिथे उभा ठेवून मी गाडीत जाऊन बसले. मजुरांच्या एका बाईने त्याला हाताला धरून आणले.

जिमलगट्टा गेले. रस्ता खराब होता आणि बोलणे बंद होते. प्राणहितेची ही दरी म्हणजे जमीन खचून झालेला लांबच लांब चर आहे, आणि त्या चरात नद्यांनी कोट्यवधी वर्षे वाळू आणि गाळ भरला. म्हणून इथे इतके सापडते. सिरोंच्याच्या अलीकडे वडधम येथे वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे. तिथे खोडे पडली आहेत, दगडाची. साल कुठली, गाभा कुठला, वाढीच्या वलयांच्या रेघा कुठल्या, सगळे दिसते. आणि टिचकी मारली तर खण् वाजते. ती सूचिपर्णी झाडांची, आज जी हिमालयात पाहायला जावे लागते त्या तऱ्हेच्या झाडांची. याच दरीत, जवळच्या कोटा गावच्या चुनखडीत मासे सापडतात, आणि पोचमपल्लीला, त्याच थरांतून एक प्रचंड डायनोसॉर निघाला. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे साल होते म्हणून संशोधकांनी त्याला त्यांचे नाव दिले: बारापासॉरस टागोराय. 'बारा पा' म्हणजे बंगालीत थोरला पाय. त्याचा सांगाडा कलकत्त्याला उभा आहे.

दादाने एका खोडावर हात ठेवला. माझे बोलणे बंद होते, तरी मी त्याला सांगितले की वलये कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत. ते न सांगणे मला जमले नसते.

सिरोंच्याला ताड सुरू होतात. उंच, एकेकटे, शेंड्याला पंखे. माणसे तेलुगू-मराठी मिसळून बोलतात. विश्रामगृहाच्या ओसरीवर बसलो. अंधार पडला. नदीकडून वारा येत होता.

"वह्या मी वाचल्या होत्या," दादा म्हणाला. "तीन रात्री. तेव्हा डोळे होते."

मी काही बोलले नाही.

"हजेरीत दर उन्हाळ्यात चार नावं वाढायची. मार्च ते जून. पाऊस आला की गळायची. त्यातलं एक नाव मला माहीत होतं. आपल्याकडे लाकडं फोडायला यायचा तो. तो ५८ च्या पावसाळ्यात वारला. आई त्याच्या घरी जाऊन आली होती, मी बरोबर होतो. ६० च्या मे महिन्यात त्याची हजेरी लागली आहे. अंगठ्यासकट."

"कुणाचा अंगठा?"

"काय माहीत. झाडं लावायला मंजुरी असे, बेबी. उन्हाळ्यात पाणी घालायला नसे. बैलगाडीचं भाडं, गाडीवान, पिपं, कुठून येणार होतं?"

"मग पाण्यालाच गेले ना ते पैसे."

"बरेचसे. मी बेरीज केली. जुळली नाही."

"कितीनं?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "६० च्या जूनमध्ये तुला नागपूरला बोर्डिंगात घातलं. ते वहीत नाही. ते मला आठवतं."

समोर कोणीतरी ताडावरून मडके उतरवीत होते. अंधारात त्याच्या पायांतल्या दोराचा आवाज येत होता. त्या बोर्डिंगात मी प्रथम फुलाचे चित्र काढले. जास्वंदीचे, उभा छेद. ते बाबांनी पुठ्ठ्याला चिकटवून भिंतीला लावले होते.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू टेबलावर त्यांचा फोटो ठेवायचीस," दादा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि जुळलंही असेल. मी कोळसेवाला. मला हिशेब येत नाही."

रात्री झोप आली नाही. बाबांनी खाल्ले नाहीत, हे मला सिद्ध करता येत नव्हते. खाल्ले, हेही नाही. त्या चार नावांतल्या तिघांची नावे मी दादाला विचारली नाहीत, आणि त्यानेही सांगितली नाहीत.

परतताना गोंडपिपरीच्या अलीकडे मी गाडी थांबवायला लावली. चिंचा पिकल्या होत्या. ड्रायव्हरने आता 'इथं काहीच नाही' म्हटले नाही. त्याने दोन गोटे मारून चार-पाच आकडे पाडले. झाडाखाली नव्या रस्त्याची गिट्टी ओतली होती. दादाने वाकून एक खडा उचलला, जिभेला लावला आणि टाकून दिला. "काळा दगड," तो म्हणाला. "बाहेरून आणलाय. हे लोक शहाणे." मग चिंच चोखीत विचारले, "ही आपल्याकडची का गं मूळची?"

"आफ्रिकेची."

"गोंडवनातली म्हण की."

"गोंडवन फुटल्यावर कोट्यवधी वर्षांनी आली. माणसांनी आणली."

त्याने मान हलवली. खिशातून आपली खडकांची वही काढली. निम्मी कोरी होती. पेन्सिलीसकट ती माझ्या हातात दिली. "लिही," तो म्हणाला. "डावी बाजू. आष्टीकडून."

मी लिहू लागले. आकडा, बुंध्याचा घेर, शेंगा आहेत की नाहीत. घेर मोजायला माझे लुगडे पुरे ना, तेव्हा ड्रायव्हरने गाडीतला दोर आणला. अकराव्या झाडाच्या पुढे एक बुंधा होता, जमिनीबरोबर कापलेला, ताजा. भुसा अजून पांढरा होता.

"इथं नुसता बुंधा आहे," मी म्हटले. "काय लिहू? हजर की गैरहजर?"

दादा झाडाच्या जागी पाहत होता. म्हणजे त्याच्या कडेला.

"हजर लिही," तो म्हणाला. "उन्हाळा आहे."